डॉ. जॉन क्लार्क : एका सनदेसाठी बारा वर्षं लंडनला राहिलेला बाप्टिस्ट

कोरांटी

अमेरिकेतल्या धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की रॉजर विल्यम्सचं नाव पहिलं येतं, आणि ते यायलाच हवं. पण विल्यम्सने वसवलेल्या प्रॉव्हिडन्सपासून जवळच, आजच्या ऱ्होड आयलंड राज्यात, खाडीतल्या बेटावर राहणारा जॉन क्लार्क त्याच्या सावलीत कायमचा झाकला गेला. हा व्यवसायाने वैद्य, न्यूपोर्ट गावाच्या संस्थापकांपैकी एक आणि तिथल्या बाप्टिस्ट मंडळीचा (म्हणजे चर्चचा) पहिला पाळक. विल्यम्सने जे तळमळून मांडलं, ते इंग्लंडच्या राजाच्या मोहोरेखाली, सनदेत पक्कं करून आणलं क्लार्कने. त्यासाठी त्याने स्वतःचं घरदार गहाण टाकलं. या माणसाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

क्लार्कचा जन्म १६०९ चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या वेस्टथॉर्प गावचा. वैद्यकी तर तो करतच असे, शिवाय हिब्रू आणि ग्रीक भाषांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. १६३७ च्या नोव्हेंबरमध्ये तो बोस्टनला उतरला तेव्हा तिथे रण माजलेलं होतं. अ‍ॅन हचिन्सन नावाची एक बुद्धिमान बाई आपल्या घरी लोक जमवून रविवारच्या प्रवचनांची चर्चा करायची आणि बहुतेक पाद्री कृपेऐवजी कर्मावर भर देतात असं स्पष्ट सांगायची. त्याच महिन्यात तिच्यावर खटला चालला आणि हद्दपारीची शिक्षा झाली. तिच्या बाजूच्या सत्तरहून अधिक पुरुषांना आपापली हत्यारं सरकारजमा करायचा हुकूम निघाला.

बोस्टन, म्हणजे मॅसॅच्युसेट्स वसाहत चालवणारे हे प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट) लोक स्वतः इंग्लंडमध्ये धर्मासाठी छळ सोसून इकडे आलेले. ते आल्याला जेमतेम सात वर्षं झाली होती.

क्लार्कने पुढे लिहून ठेवलंय की त्यानेच सोबत्यांना सुचवलं, देश एवढा विस्तीर्ण पडलाय, भांडत बसण्यापेक्षा दुसरीकडे जाऊ या. आदल्या उन्हाळ्यातल्या उकाड्यामुळे ही मंडळी आधी उत्तरेकडे गेली. तिथल्या हिवाळ्याने असा हिसका दाखवला की वसंत लागताच दक्षिणेकडे तोंड फिरवलं. वाटेत प्रॉव्हिडन्सला विल्यम्स भेटला आणि त्याने अ‍ॅक्विडनेक बेट सुचवलं. पण घाई केली नाही. ते बेट प्लिमथ वसाहतीच्या हद्दीत येतं का, हे क्लार्क आणि इतर काही जण विल्यम्सला सोबत घेऊन प्लिमथला जाऊन विचारून आले. क्लार्कचा स्वभाव मला इथेच पहिल्यांदा कळला. पाऊल टाकण्याआधी हद्द विचारणारा, कागद बघणारा माणूस.

१६३८ च्या मार्चमध्ये बेटाचा व्यवहार झाला. नॅरागॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनॉनिकस आणि मिअँटोनोमी यांना पांढऱ्या शिंपल्याच्या मण्यांच्या चाळीस वाव माळा, आणि बेटावर आधीपासून राहणाऱ्यांना देण्यासाठी दहा डगले आणि वीस कुदळी. आधी पोर्ट्समथ वसलं. १६३९ मध्ये तिथे फूट पडली आणि विल्यम कॉडिंग्टन, क्लार्क वगैरे लोकांनी बेटाच्या दक्षिण टोकाला न्यूपोर्ट वसवलं. १६४१ मध्ये या बेटाच्या सभेने आपल्या राज्यपद्धतीला चक्क लोकशाही असं नाव दिलं, आणि धर्ममतावरून कुणालाही गुन्हेगार ठरवायचं नाही असं नोंदवून ठेवलं. सतराव्या शतकात 'लोकशाही' हा शब्द चांगल्या अर्थाने वापरणारे फार थोडे होते, हे लक्षात घ्या.

क्लार्क पहिल्यापासून तिथे प्रवचन करत होता. १६४४ पर्यंत त्याची मंडळी स्पष्टपणे बाप्टिस्ट झालेली होती. म्हणजे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा नाही. जाणत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने, पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा.

आता १६५१ चा जुलै. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावाजवळ विल्यम विटर नावाचा एक म्हातारा राहत होता. न्यूपोर्टच्या मंडळीचा सभासद, डोळ्यांनी अंध, प्रवास करण्याची ताकद नाही. त्याला भेटायला क्लार्क, ओबाडाया होम्स आणि जॉन क्रँडल असे तिघे निघाले. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४४ पासून बाप्टिस्टांना हद्दपार करण्याचा कायदा होता, म्हणजे जोखीम ठाऊक होती. रविवारी, २० जुलैला, विटरच्या घरात घरच्या आणि आलेल्या चार लोकांपुढे क्लार्क बोलू लागला. विषय होता बायबलमधल्या प्रकटीकरण पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं परीक्षेच्या घटकेबद्दलचं वचन. तेवढ्यात दोन शिपाई वॉरंट घेऊन आत शिरले.

तिघांना आधी दारूच्या गुत्त्यात नेऊन बसवलं आणि दुपारी जबरदस्तीने गावच्या चर्चच्या प्रार्थनेला नेलं. क्लार्कने जाण्याआधीच बजावलं होतं की नेलंत तर तुमच्याशी आमचं जमत नाही हे तिथे आम्हाला दाखवावं लागेल. आत शिरताना त्याने टोपी काढून सगळ्यांना अभिवादन केलं, दाखवलेल्या जागी बसला, टोपी परत डोक्यावर ठेवली आणि पुस्तक उघडून वाचायला लागला. प्रार्थना चालू असताना! दंडाधिकाऱ्याने शिपायाला सांगून टोप्या काढायला लावल्या. प्रार्थना आटोपल्यावर क्लार्क उठून आपण असं का केलं ते सांगायला लागला, तर त्याला गप्प बसवलं.

बोस्टनच्या न्यायालयाने क्लार्कला वीस पौंड, होम्सला तीस पौंड आणि क्रँडलला पाच पौंड दंड केला, नाहीतर चाबकाचे फटके. क्लार्कने विचारलं, कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली? त्यावर गव्हर्नर एन्डिकॉट संतापून म्हणाला की तुम्हाला खरं तर मरणाची शिक्षा हवी, आणि बोलण्याच्या भरात हेही म्हणून गेला की आमच्या पाद्र्यांपुढे तुमचा टिकाव लागणार नाही. क्लार्कने ते आव्हान तिथल्या तिथे पकडलं. तुरुंगातून लेखी अर्ज केला की ठरवा तारीख, मी जाहीर वाद घालायला तयार आहे. तो वाद काही झाला नाही. मित्रांनी क्लार्कला न विचारताच त्याचा दंड भरून टाकला आणि त्याला बाहेर काढलं. क्रँडल जामिनावर सुटला. होम्सने मात्र कुणालाही आपला दंड भरू दिला नाही.

५ सप्टेंबर १६५१. फटक्यांआधी मित्रांनी होम्सला थोडी वाइन देऊ केली. त्याने नाकारली, का तर लोकांनी उद्या म्हणू नये की दारूच्या जोरावर सहन केलं. तीन दोऱ्यांचा चाबूक, तीस फटके. मारणाऱ्याने पूर्ण ताकद लावली, मध्येच तीनदा तळहातावर थुंकून पकड घट्ट केली, हे होम्सने स्वतः लिहिलंय. सगळं झाल्यावर तो दंडाधिकाऱ्यांकडे वळून म्हणाला, "तुम्ही मला जणू गुलाबांनी मारलंत." पुढे कित्येक दिवस त्याला पाठ टेकता येईना, कोपरं आणि गुडघे टेकून झोपावं लागे. फटके संपल्यावर दोघांनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला, तर त्या दोघांनाही पकडलं. त्यातला जॉन हेझल म्हातारा होता. सुटल्यावर काही दिवसांतच तो गेला.

त्याच वर्षी क्लार्कपुढे दुसरं संकट उभं होतं. सहकारी कॉडिंग्टनने इंग्लंडला जाऊन बेटापुरतं तहहयात गव्हर्नरपद स्वतःच्या नावावर करून आणलं होतं. ते रद्द करून घ्यायला बेटवाल्यांनी क्लार्कला आणि प्रॉव्हिडन्सवाल्यांनी विल्यम्सला पाठवलं. दोघे १६५१ च्या शेवटी लंडनला निघाले. १६५२ मध्ये क्लार्कने 'इल न्यूज फ्रॉम न्यू इंग्लंड' हे पुस्तक छापून बोस्टनचा सगळा प्रकार इंग्लंडपुढे मांडला. होम्सचं पत्रही त्यात आहे, म्हणूनच वरचे तपशील आपल्याला कळतात. कॉडिंग्टनचा अधिकार रद्द झाला. विल्यम्स १६५४ मध्ये परतला.

क्लार्क मागे राहिला आणि परतला १६६४ मध्ये.

मधल्या काळात राजाविरुद्ध लढलेला सेनापती क्रॉमवेल सत्तेवर आला, गेला, राजेशाही परत आली. पार्लमेंटने १६४४ मध्ये विल्यम्सला दिलेलं अधिकारपत्र राजाच्या दृष्टीने कवडीमोल झालं. मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ, कनेटिकट या तिन्ही शेजाऱ्यांचा प्रॉव्हिडन्स, बेट वगैरे मिळून झालेल्या या छोट्या ऱ्होड आयलंड वसाहतीच्या जमिनीवर डोळा. वकील म्हणून पाठवायला दुसरा माणूस नाही, पाठवायला पैसेही नाहीत. क्लार्क लंडनमध्ये वैद्यकी करून राहिला, कर्ज काढलं, न्यूपोर्टची मालमत्ता गहाण टाकली आणि अर्जावर अर्ज करत राहिला. ८ जुलै १६६३ ला दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली. तीत क्लार्कच्या अर्जातलंच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उतरलंय, की धर्माच्या बाबतीत पूर्ण मोकळीक देऊनही भरभराटीचं राज्य उत्तम चालू शकतं, याचा एक 'जिवंत प्रयोग' आम्हाला करून दाखवायचाय. आणि पुढे स्पष्ट तरतूद आहे: सार्वजनिक शांतता न मोडणाऱ्या कुणालाही धर्ममतातल्या फरकासाठी त्रास, शिक्षा किंवा जाब विचारणं होणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूपोर्टला सगळं गाव जमलं. कॅप्टन जॉर्ज बॅक्स्टरने पेटी उघडली, सनद वाचून दाखवली आणि राजाची मोठी मोहोर सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. क्लार्क तेव्हा अजून लंडनलाच होता.

ही सनद १८४३ पर्यंत चालली. अमेरिका स्वतंत्र झाल्यावरसुद्धा ऱ्होड आयलंडने राजाचा तो कागद साठएक वर्षं राज्यघटना म्हणून वापरला.

*

दर्यावर्दी

कोरांटीताई, फार सुंदर लिहिलंय. एक प्रश्न. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, हा वाद एवढा का पेटावा? पाणी कधी घालायचं यावरून माणसाला फटके मारण्याइतका राग का?

*

कोरांटी

दर्यावर्दी, हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं मला वाटतच होतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सभासदांना होता. सगळी वसाहत म्हणजे देवाशी केलेला एक करार, आणि त्या करारात मूल जन्मतःच शिरतं ते बाप्तिस्म्याने. तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा खोटा म्हटलं की चर्च हे केवळ स्वेच्छेने आलेल्यांचं होतं. मग गाव म्हणजे चर्च हे समीकरण संपलं. पाद्र्याच्या पगारासाठी सगळ्यांवर कर कसा बसवणार? रविवारी न आलेल्याला दंड कुठल्या अधिकाराने करणार? सत्ताधाऱ्यांना हे सगळं नीट दिसत होतं. शिवाय १५३४-३५ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात पुनर्बाप्तिस्मावाल्यांनी सत्ता हातात घेऊन जो रक्तपात झाला, त्याची आठवण युरोपभर होती. १६४४ च्या कायद्यात या लोकांना राज्यांना आगी लावणारे म्हटलंय. क्लार्क न्यायालयात ठणकावून सांगत होता की मी त्यातला नाही. ऐकतंय कोण!

*

रानजाई

होम्सबद्दल थोडी भर. हा मूळचा मँचेस्टरजवळचा. अमेरिकेत आल्यावर आधी सेलमला काच बनवण्याच्या धंद्यात होता. क्लार्क लंडनला असताना न्यूपोर्टच्या मंडळीची धुरा त्यानेच वाहिली आणि क्लार्कनंतरही तोच पाळक होता. १६८२ मध्ये वारला. अब्राहम लिंकनच्या पूर्वजांमध्ये त्याचं नाव येतं.

मला मात्र सगळ्यात लागलं ते जॉन कॉटनचं उत्तर. कॉटन म्हणजे बोस्टनचा नावाजलेला धर्मपंडित. इंग्लंडहून रिचर्ड साल्टनस्टॉलने त्याला खरमरीत पत्र लिहिलं की तुमच्या छळाच्या बातम्यांनी आम्हाला मान खाली घालावी लागते. त्यावर कॉटन लिहितो की होम्सने फटके स्वतः निवडले, दंड भरायची सोय होती. आणि तुरुंगात त्याला घरच्यापेक्षा बरं खायला मिळालं असेल. एवढा विद्वान माणूस, आणि हे बोलणं!

*

पाणवठा

वाचतेय. पुढचं लवकर येऊ द्या.

*

घाटमाथा

लेख आवडला, पण एक बाजू राहतेय आणि ती राहू नये असं मला मनापासून वाटतं.

ज्या मिअँटोनोमीने बेट दिलं, त्याचं काय झालं? १६४३ मध्ये तो मोहिगन प्रमुख अंकसच्या हाती सापडला आणि न्यू इंग्लंडच्या संयुक्त वसाहतींच्या प्रतिनिधींनी त्याला ठार मारायला संमती दिली. या संयुक्त मंडळात ऱ्होड आयलंडला घेतलंच नव्हतं, हे खरं. पण मेला तो ज्याने या लोकांना थारा दिला तोच.

पुढे १६६३ च्या सनदेत कलम आहे की या वसाहतीच्या हद्दीतल्या मूळ रहिवाशांवर इतर वसाहतींनी परवानगीशिवाय चाल करू नये. चांगलं कलम आहे. पण डिसेंबर १६७५ मध्ये मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेटिकटच्या फौजांनी याच हद्दीत घुसून दलदलीतल्या नॅरागॅन्सेट तटबंदीला आग लावली आणि बायकामुलांसकट शेकडो माणसं मारली. सनद आडवी आली नाही.

आणि न्यूपोर्ट. १६५२ मध्ये याच वसाहतीतल्या प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक या गावांनी कुणालाही दहा वर्षांहून जास्त गुलामीत ठेवू नये असा कायदा केला, पण तो पाळला गेला नाही. अठराव्या शतकात हेच न्यूपोर्ट अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर झालं. सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य ज्या गावाने मिळवलं, त्याच्याच धक्क्यावरून ती जहाजं सुटत होती.

*

कोरांटी

घाटमाथा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. धागा वाचणाऱ्यांनी दोन्ही सोबत वाचावं.

बेटाच्या व्यवहारात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. राजाच्या पत्राने जमीन आपली होते हे या लोकांनी मानलं नाही. आधी मूळ मालकांशी बोलले. विल्यम्सला बोस्टनने हाकललं त्यात हाही मुद्दा होता. पण चाळीस वाव मण्यांच्या बदल्यात आपण काय देतोय, याचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच लागला असेल असं मी मानत नाही. नॅरागॅन्सेट लोकांच्या दृष्टीने बहुधा ती शेजाऱ्याला दिलेली वहिवाट होती.

तुम्ही सांगितलेला दलदलीतला हल्ला ज्या युद्धात झाला, त्याच्याच ऐन भरात क्लार्क गेला, एप्रिल १६७६ मध्ये. त्याआधीच्याच महिन्यात प्रॉव्हिडन्स जळालं होतं, विल्यम्सचं घरही त्यात गेलं.

*

सरळरेघ

मला क्लार्कला एवढं श्रेय द्यायला जड जातंय. दुसरा चार्ल्स स्वतःच धर्माच्या बाबतीत सैल होता. राज्यावर येण्याआधी ब्रेडाहून काढलेल्या जाहीरनाम्यात त्याने नाजूक मनांना मोकळीक देण्याचं आश्वासन दिलं होतं. शिवाय मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांचं नाक कापायला त्याला आयतं निमित्त हवंच होतं. ऱ्होड आयलंड इतकं लहान आणि लांब की तिथे काय चाललंय याने लंडनला फरक पडत नव्हता. सनद मिळाली ती परिस्थितीमुळे. क्लार्क फक्त योग्य वेळी दारात उभा होता.

*

कोरांटी

सरळरेघ, परिस्थिती अनुकूल होती हे मान्य. पण तेवढंच पुरलं असतं असं तारखा बघून वाटत नाही.

१६६१ च्या जानेवारीत लंडनमध्ये व्हेनर नावाच्या माणसाने येशूच्या राज्यासाठी सशस्त्र बंड केलं. ते चिरडलं गेलं आणि बाप्टिस्टांची सरसकट धरपकड सुरू झाली. प्रवचनकार आणि लेखक जॉन बन्यन तर आदल्या नोव्हेंबरपासूनच बेडफर्डच्या तुरुंगात होता, केवळ परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून. आणि क्लार्क राजाकडे अर्ज करतो तो नेमका १६६१ च्या सुरुवातीला, स्वतः बाप्टिस्ट असताना! १६६२ मध्ये इंग्लंडमध्ये एकरूप प्रार्थनेचा कायदा आला आणि सुमारे दोन हजार पाद्र्यांच्या जागा गेल्या. स्वतःच्या देशात राजा जे देऊ शकला नाही, ते त्याच्याकडून दुसरीकडच्यांसाठी मिळवायचं होतं. दारात उभं राहायला त्या वर्षांत धैर्य लागत होतं.

दुसरं म्हणजे कनेटिकट. तिथला गव्हर्नर धाकटा जॉन विन्थ्रॉप, राजदरबारात वजन असलेला, १६६२ मध्ये आपली सनद घेऊन मोकळा झाला. त्याच्या सनदेत पूर्वेची हद्द लिहिली होती नॅरागॅन्सेट नदी. म्हणजे खाडीपर्यंतचा मुलुख कनेटिकटचा, ऱ्होड आयलंडचा अर्धाअधिक भाग गेला. क्लार्कने हरकत घेतली. पंच नेमले गेले. १६६३ च्या एप्रिलमध्ये दोघांनी सही केली त्यात तोडगा काय निघाला, तर पश्चिमेला बरीच लांब असलेल्या पॉकाटक नदीलाच यापुढे नॅरागॅन्सेट नदी म्हणावं! दिलेल्या सनदेतलं अक्षरही न बदलता हद्द मागे हटली. आजही ऱ्होड आयलंडची पश्चिमेची सीमा त्या टोकाला पॉकाटकवरच आहे. हे काम परिस्थिती करत नाही. त्याला चिवट माणूस लागतो.

*

नगरी_बाणा

आमच्या बाजूचा एक धागा जोडतो.

१८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईला आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. १८३१ मध्ये ते अहमदनगरला पोचलं. रेव्हरंड टिळकांचा १८९५ मधला बाप्तिस्मा याच मिशनकडून झाला. हे मिशन ज्या बोर्डाचं, ते मॅसॅच्युसेट्समधल्या काँग्रिगेशनल (जुन्या प्युरिटन चर्चमधून आलेल्या पंथाच्या) लोकांनी उभं केलेलं. म्हणजे होम्सला फटके मारणाऱ्या चर्चचे हे वारसदार, अर्थात दीडशेहून अधिक वर्षांनी पुष्कळ बदललेले.

आता गंमत बघा. याच बोर्डाने १८१२ मध्ये हिंदुस्थानात पाठवलेल्या पहिल्या तुकडीत अ‍ॅडोनिराम जडसन होता. सेरामपूरला विल्यम कॅरी वगैरे बाप्टिस्टांना भेटायचंय, तर त्यांच्याशी वाद घालायची तयारी करावी म्हणून तो जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला, आणि कलकत्त्याला पोचल्यावर काही आठवड्यांतच मत पालटलं! तिथे त्याने आणि त्याच्या बायकोने बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि ज्या बोर्डाने पाठवलं त्याचा राजीनामा दिला. पुढे तो ब्रह्मदेशात गेला. लूथर राइसही तसाच फिरला. हॉल आणि नॉट फिरले नाहीत, ते मुंबईला आले. मुंबईकडे आलेल्या मिशनचा पंथ असा कलकत्त्याच्या त्या काही महिन्यांत पक्का झाला.

आणि हॉल मुंबईत शाळा काढत होता तेव्हा त्याच्या मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर चालूच होता. तो राज्यघटनेतून गेला १८३३ मध्ये. क्लार्कच्या सनदेनंतर एकशेसत्तर वर्षांनी.

*

रानजाई

नगरी_बाणा, हे फारच छान जोडलंत. त्या कराविरुद्ध आयझॅक बॅकस नावाचा बाप्टिस्ट पाळक आयुष्यभर लढला. त्याच्या म्हाताऱ्या आईला चर्चचा कर दिला नाही म्हणून कनेटिकटमध्ये तुरुंगात टाकलं होतं, १७५२ मध्ये.

यावरून पंडिता रमाबाई आठवल्या. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना काय मानावं, काय मानू नये हे सांगायला लागल्या, तेव्हा रमाबाईंनी पत्रात साफ लिहिलं की मला माझी स्वतःची सद्सद्विवेकबुद्धी आहे, स्वतःचं मन आहे. क्लार्कला हे वाक्य आवडलं असतं.

*

दर्यावर्दी

क्लार्कच्या मंडळीत पुढे सगळं सुरळीत चाललं का? मतस्वातंत्र्य म्हटलं की फाटाफूट आलीच.

*

कोरांटी

आलीच. १६५६ मध्ये, क्लार्क लंडनला असतानाच, एक गट बाहेर पडला. नवशिष्यांवर हात ठेवण्याचा विधी सक्तीचा असावा असं त्यांचं म्हणणं. १६७१ मध्ये आणखी काही जण निघाले, त्यांना रविवारऐवजी शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळायचा होता. अमेरिकेतली सातव्या दिवसाच्या बाप्टिस्टांची पहिली मंडळी ती. शिवाय क्वेकर, म्हणजे पाद्री आणि बाप्तिस्मा दोन्ही न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक, न्यूपोर्टला भरभरून आले. बोस्टनमध्ये १६६० मध्ये मेरी डायरला फाशी दिली ती क्वेकर म्हणून, आणि ही मेरी डायर न्यूपोर्टचीच. तिचा नवरा न्यूपोर्टच्या संस्थापकांत होता.

क्लार्कला आणि होम्सला क्वेकरांची मतं अजिबात पटत नव्हती. मंडळी फुटली तेव्हा वाईटही वाटलं असणार. पण शिपाई बोलावला नाही, दंड केला नाही. जो गेला तो शेजारच्या गल्लीत आपली प्रार्थना करू लागला. मला न्यूपोर्टची ही बाजू सनदेपेक्षाही मोठी वाटते, कारण स्वतःच्या घरात फूट पडते तेव्हा तत्त्व पाळणं फार अवघड असतं.

*

सरळरेघ

नदीचा किस्सा माहीत नव्हता, पटला. आता एक विचारतो. गहाण टाकलेल्या मालमत्तेचं काय झालं? वसाहतीने पैसे परत केले का?

*

कोरांटी

ठराव तर लगेच झाला. सनद वाचली त्याच सभेने क्लार्कचा सगळा खर्च भरून द्यायचं आणि वर शंभर पौंड बक्षीस द्यायचं मंजूर केलं. पुढच्या वर्षी गावागावांवर कर बसवला. वसुली काही होईना. लोकांकडे रोकड कमी, धान्य आणि डुकराचं मांस देऊन हिशेब भागवायचे दिवस. त्यात वॉरिक गाव अडून बसलं. शेवटी रॉजर विल्यम्सने वॉरिकला पत्र लिहिलं की ज्याने एवढी वर्षं आपल्यासाठी घालवली त्याला कर्जात बुडू देणं ही कृतघ्नता आहे. वॉरिकच्या गावसभेने त्या पत्रावरच ठराव केला की हे पत्र घातक आणि कलह माजवणारं आहे!

क्लार्क परतल्यावर पुन्हा वैद्यकी, पुन्हा मंडळी, विधानसभेत काम, मग उपगव्हर्नरपद असं सगळं करत राहिला. हिशेब त्याच्या हयातीत पूर्ण फिटला नाही.

२० एप्रिल १६७६ ला त्याने मृत्युपत्रावर सही केली आणि त्याच दिवशी गेला. त्यात वर्षानुवर्षं खपून स्वतः तयार केलेला शब्दकोश एका स्नेह्याला दिलाय. मूलबाळ मागे नव्हतं. आपल्या शेतजमिनीचं उत्पन्न गरिबांच्या मदतीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावं म्हणून विश्वस्त नेमले. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या धर्मादाय निधींमध्ये तो गणला जातो.

*

पाणवठा

आम्ही बोस्टनजवळ असतो. मूळ सनद प्रॉव्हिडन्सच्या स्टेट हाउसमध्ये बघायला ठेवलेली आहे आणि 'जिवंत प्रयोग'वालं वाक्य त्या इमारतीच्या दर्शनी भागावर कोरलेलं आहे. क्लार्कची कबर न्यूपोर्टला. कुणी इकडे येणार असेल तर मला निरोप पाठवा, दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात.